नकार नेमका कोणाचा?

प्रवेशअर्ज भरण्याची मुदत संध्याकाळी संपणार असते. विद्यार्थी गुणपत्रिकेची पीडीएफ निवडतात, बटण दाबतात, पडद्यावरचे चक्र फिरत राहते आणि मग लाल अक्षरांत ‘अपलोड फेल्ड’ उमटते. सर्व्हर सांभाळणारा तरुण लॉग उघडतो. तिथे ‘परमिशन डिनाइड’ अशी ओळ असते. कार्यालयातले फोन वाजायचे थांबत नाहीत. तो शेजारच्या टेबलाकडे वळून विचारतो, “सर, अपलोडच्या फोल्डरला ट्रिपल सेव्हन देऊन टाकू का?”

“दे, आत्ता चालू कर. नंतर बघू.”

फाइल चढते, फोन शांत होतात आणि ‘नंतर’ कधी येत नाही. चालू असलेल्या यंत्रणेला पुन्हा हात लावायला कोणी धजत नाही, म्हणून ते फोल्डर महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, तसेच सताड उघडे राहते. नकार दिसणे आणि परवानगी वाढवणे यांच्यामध्ये जी काही मिनिटे असतात, त्यांत हा नकार कोणी दिला आणि का दिला, एवढे शोधले तर ७७७ची गरज जवळजवळ कधीच पडत नाही.

या तीन सातांचे मूळ बेल लॅब्जमध्ये आहे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी तिथे १९६९ मध्ये युनिक्सचे काम सुरू केले. संगणक एक, वापरणारी माणसे अनेक. तेव्हा कोणाची फाइल कोणी वाचायची आणि कोणी बदलायची हे यंत्राला सांगून ठेवणे भाग होते. त्यातून रुळलेली पद्धत आज लिनक्सवरही चालते. प्रत्येक फाइलला एक मालक असतो, एक गट असतो आणि उरलेले सगळे ‘इतर’. वाचण्याचा आकडा ४, लिहिण्याचा २, चालवण्याचा १. त्यांची बेरीज करून तिघांसाठी तीन अंक लिहायचे. ६४४ म्हणजे मालकाने वाचावे-लिहावे, बाकीच्यांनी फक्त वाचावे. ७५५ म्हणजे मालकाला सर्व अधिकार, बाकीच्यांना वाचण्याचा आणि चालवण्याचा. ७७७ म्हणजे त्या यंत्रावरच्या कोणत्याही खात्याला सर्व काही.

वेबवर फाइल चढवण्याची सोय बरीच नंतरची. झेरॉक्समधल्या अर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मॅसिंटर यांनी वेबपानावरच्या फॉर्ममधून फाइल पाठवण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर १९९५ मध्ये मांडला. तोवर फॉर्ममधून जात होता तो मजकूर. नव्या सोयीने एक मोठा फरक पडला. युनिक्सच्या परवानग्या यंत्रावर स्वतःचे खाते असलेल्या माणसांसाठी रचलेल्या होत्या. संकेतस्थळावर येणाऱ्या हजारो अनोळखी माणसांचे असे खाते नसते. त्यांच्या सगळ्या फाइल एकाच खात्याच्या नावाने डिस्कवर लिहिल्या जातात. डेबियन आणि उबुंटूवर त्या खात्याचे नाव ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’, रेड हॅटच्या घराण्यात बहुधा ‘अपाची’.

परमिशन डिनाइडची निम्मी कोडी इथेच सुटतात. संकेतस्थळाचा कोड सर्व्हरवर ठेवणारा माणूस स्वतःच्या खात्याने आत येतो, फोल्डर तयार करतो आणि त्यावर ७५५ लागते. मालक तो माणूस. वेब सर्व्हरचे खाते या फोल्डरसाठी ‘इतर’ ठरते. त्याला वाचता येते, लिहिता येत नाही. माणूस स्वतः तिथे फाइल बनवून बघतो तर ती बनते, म्हणून तो चक्रावतो. पण लिहायला निघालेले खाते त्याचे नसतेच. कर्नलने दिलेला नकार अगदी योग्य असतो. इथे फोल्डरचा गट बदलून त्या गटाला लिहिण्याची परवानगी दिली की काम होते, आणि ‘इतर’ जिथल्या तिथे राहतात.

७७७ने काय बिघडते? फोल्डरवर लिहिण्याची परवानगी म्हणजे त्यातली फाइल काढून टाकण्याची आणि तिचे नाव बदलण्याचीही परवानगी. ती फाइल कोणाच्या मालकीची आहे याला तिथे महत्त्व नसते. एका यंत्रावर अनेक ग्राहकांची संकेतस्थळे असतील आणि त्यांना एकमेकांपासून वेगळे ठेवलेले नसेल, तर शेजारच्याच्या संकेतस्थळातली फट हल्लेखोराला आपल्या फोल्डरापर्यंत पोहोचवते. शिवाय ७७७ने चालू गोष्टी बंदही पडतात. अपाची या वेब सर्व्हरची ‘सूएक्झेक’ ही व्यवस्था कोणालाही लिहिता येणाऱ्या फोल्डरमधला प्रोग्रॅम चालवायला साफ नकार देते. एखाद्याने घाईत आपल्या संपूर्ण होम फोल्डरला आतपर्यंत ७७७ लावले, तर एसएसएच त्याची किल्ली स्वीकारत नाही आणि तो स्वतःच्याच सर्व्हरबाहेर राहतो. ‘सुडोअर्स’ची फाइल सर्वांना लिहिता येण्याजोगी दिसली की सुडो काम थांबवते. हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी ७७७ हीच धोक्याची खूण मानली आहे.

तरीही खरा धोका याहून खोल आहे, आणि तो एका गैरसमजावर पोसला जातो. अनेकांना वाटते की फाइलवरचा चालवण्याचा १ काढून टाकला की ती चालणार नाही. पीएचपीच्या बाबतीत हे खोटे आहे. पीएचपीची फाइल स्वतः चालत नाही. पीएचपीचा प्रोग्रॅम ती वाचतो आणि त्यातल्या सूचना अमलात आणतो. वाचता आले की पुरे. म्हणून ६४४ असलेली पीएचपी फाइल निर्धास्त चालते, आणि डिस्क ‘नो-एक्झेक’ पर्यायाने जोडली तरीही चालते. ती चालणार की नाही हे वेब सर्व्हरची मांडणी ठरवते. कोणाही अनोळखी माणसाला लिहिता येते असे फोल्डर आणि सर्व्हर ज्यातला कोड चालवतो असे फोल्डर, ही दोन्ही एकच झाली की संकेतस्थळ हातचे गेले असे समजावे.

अशा जागी चढवलेल्या छोट्या प्रोग्रॅमला वेब शेल म्हणतात. चार-दोन ओळींची फाइल. ब्राउझरमधून तिचा पत्ता उघडायचा, पुढे एखादी आज्ञा जोडायची आणि ती सर्व्हरवर चालवून घ्यायची. मार्च २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्ट एक्सचेंजच्या सर्व्हरमधल्या त्रुटी जाहीर झाल्या, तेव्हा हल्लेखोरांनी ठिकठिकाणी असे शेल पेरून ठेवले होते. पुढच्याच महिन्यात एफबीआयने न्यायालयाची परवानगी काढून अमेरिकेतल्या शेकडो यंत्रांवरचे शेल स्वतः पुसले. त्रुटी बुजवणारी दुरुस्ती बसवली तरी आधी आत शिरलेली फाइल जागेवरच राहते, म्हणून सरकारी यंत्रणेला परक्यांच्या सर्व्हरमध्ये हात घालावा लागला.

पण अपलोडची जोखीम समजून घ्यायला सगळ्यांत बोलका दाखला २०१८ मधला आहे. ‘जेक्वेरी फाइल अपलोड’ हा सेबास्टियन त्शान यांनी लिहिलेला प्लगइन तेव्हा फार लोकप्रिय होता. गिटहबवर त्याच्या ७,८०० हून अधिक फांद्या, म्हणजे इतरांनी काढलेल्या प्रती (फोर्क), फुटल्या होत्या. अकामाईमधले सुरक्षा संशोधक लॅरी कॅशडॉलर यांनी त्याचा सर्व्हरकडचा भाग वाचला आणि एक छोटी पीएचपी फाइल चढवून पाहिली. ती चढली. मग त्यांनी तिचा पत्ता उघडला, आणि ती चाललीही.

प्लगइनमध्ये संरक्षण होते. चढवलेल्या फाइलच्या फोल्डरमध्ये ‘.एचटीॲक्सेस’ नावाची फाइल ठेवलेली होती आणि इथले काहीही चालवू नये अशी सूचना त्यात अपाचीसाठी लिहिलेली होती. पण अपाचीच्या २.३.९ या आवृत्तीपासून मूळ नियम बदलला होता. फोल्डरातल्या अशा फाइल वाचायच्या की नाही हे ठरवणारी ‘अलाउओव्हरराइड’ ही सूचना आधी ‘सर्व’ असायची, ती ‘काहीच नाही’ झाली. बदलामागची कारणे रास्त होती. प्रत्येक विनंतीला प्रत्येक फोल्डरमध्ये डोकावण्याचा भार वाचतो, आणि सर्व्हरच्या मुख्य मांडणीवर कोणाला परस्पर मात करता येत नाही. तो बदल २०१०च्या सुमाराचा. म्हणजे प्लगइनच्या जवळजवळ संपूर्ण आयुष्यात, ज्यांनी अपाची मूळ मांडणीवर सोडले होते त्यांच्याकडे ही संरक्षक फाइल कोणी वाचतच नव्हते. त्शान यांनी चूक मान्य करून ९.२२.१ या आवृत्तीत दुरुस्ती केली आणि मूळ मांडणीत फक्त चित्रांच्या फाइल स्वीकारायला सुरुवात केली. हजारो फांद्यांमध्ये ही दुरुस्ती आपोआप पोहोचणार नव्हती.

या घटनेत कोणीही ७७७ दिले नव्हते. परवानग्या नेटक्या असूनही लिहिण्याची जागा आणि चालण्याची जागा एकच राहिली होती. दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२० मध्ये, वर्डप्रेसच्या ‘फाइल मॅनेजर’ प्लगइनने तोच धडा वेगळ्या वाटेने दिला. सात लाखांहून अधिक संकेतस्थळांवर असलेल्या या प्लगइनमध्ये एका कोड-लायब्ररीतली नमुन्याची फाइल नाव बदलून ‘.पीएचपी’ करून ठेवली गेली होती, आणि तिच्यातून लॉगिन न करताच कोणालाही फाइल चढवता येत होती.

आता नकाराच्या शोधाकडे वळू. ब्राउझरमधून निघालेली फाइल डिस्कवर टेकेपर्यंत बरेच टप्पे ओलांडते, आणि त्यातला कोणताही टप्पा तिला परतवू शकतो. समोर वेब सर्व्हर म्हणून एंजिनएक्स असेल तर मूळ मांडणीत ते १ एमबीपेक्षा मोठी विनंती ४१३ हा क्रमांक देऊन परत पाठवते. पीएचपी मूळ मांडणीत २ एमबीपर्यंतची एक फाइल आणि ८ एमबीपर्यंतची संपूर्ण विनंती घेते. ८ची मर्यादा ओलांडली तर गंमतशीर वाटावे असे घडते: प्रोग्रॅमच्या हाती फॉर्मच रिकामा येतो, फाइल नाही आणि नावगावही नाही. इतके झाल्यावर फाइल आधी तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरते आणि तिथून कायमच्या जागी हलवली जाते. ही शेवटची पायरी चुकली असे सगळे गृहीत धरतात. पण कधी एंजिनएक्सला स्वतःच्या तात्पुरत्या फोल्डरमध्येच लिहिता येत नसते, आणि अशा वेळी अपलोडच्या फोल्डरला कितीही परवानग्या दिल्या तरी काडीचा फरक पडत नाही.

म्हणून पहिले काम लॉग वाचण्याचे. एंजिनएक्स आपल्या त्रुटींच्या नोंदीत लिनक्सचा त्रुटी क्रमांकही लिहिते, आणि तो क्रमांक फार प्रामाणिक साक्षीदार असतो. १३ असेल तर परवानगीचा नकार. २८ असेल तर डिस्कवर जागा नाही. कधी जीबी शिल्लक असतात पण आयनोड, म्हणजे फाइलच्या नोंदी ठेवण्याच्या जागा, संपलेल्या असतात. लाखो बारीक फाइल साठवणाऱ्या सर्व्हरवर हे हमखास होते. ३० म्हणजे ती फाइल व्यवस्था फक्त वाचण्यासाठी जोडलेली आहे. १२२ म्हणजे खात्याचा कोटा संपला. १३ सोडला तर या यादीतल्या एकाही दुखण्यावर ७७७चा उपयोग नाही.

क्रमांक १३च निघाला, तरी फक्त शेवटच्या फोल्डरकडे बघून भागत नाही. जुन्या वाड्यात माजघराचे दार उघडे असले तरी दिंडी दरवाजा बंद असेल तर पाहुणा बाहेरच राहतो, तसे फाइलच्या मार्गाचे आहे. फोल्डरच्या बाबतीत १ या आकड्याचा अर्थ ‘आतून पुढे जाऊ देणे’ असा होतो, आणि मार्गातल्या प्रत्येक फोल्डरवर तो लागतो. उबुंटूच्या २१.०४ या आवृत्तीपासून नव्या वापरकर्त्याच्या होम फोल्डरला ७५५ऐवजी ७५० मिळू लागले. खासगीपणाच्या दृष्टीने हा बदल चांगलाच होता. पण ज्यांनी होम फोल्डरच्या पोटात संकेतस्थळ ठेवले होते, त्यांना नव्या सर्व्हरवर एकाएकी नकार यायला लागले आणि दोष आतल्या फोल्डरांना दिला गेला. ‘नेमआय -एल’ या आज्ञेला पूर्ण मार्ग दिला की ती मुळापासून टोकापर्यंत प्रत्येक पायरीचा मालक, गट आणि परवानगी एकाखाली एक मांडते. अडलेली पायरी लगेच दिसते. त्याहून थेट पुरावा हवा असेल तर सुडो वापरून वेब सर्व्हरच्याच खात्याच्या नावाने तिथे एक रिकामी फाइल बनवून पाहावी. रूटच्या खात्याने केलेली चाचणी इथे निरुपयोगी, कारण नेहमीच्या परवानग्या रूटला अडवत नाहीत.

मार्ग मोकळा आहे, मालक योग्य आहे, गटाला लिहिता येते, आणि तरीही १३. रेड हॅटच्या घराण्यातल्या सर्व्हरवर असे दिसले की संशय एसईलिनक्सवर घ्यावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, म्हणजे एनएसएने, ही व्यवस्था डिसेंबर २००० मध्ये सर्वांसाठी खुली केली आणि पुढे ती लिनक्सच्या २.६ कर्नलमध्ये सामावली. एसईलिनक्स मालकापलीकडे जाऊन प्रत्येक फाइलवर एक लेबल लावते आणि कोणत्या प्रकारच्या प्रोग्रॅमने कोणत्या लेबलला हात लावावा याचे नियम पाळते. त्यामुळे वेब सर्व्हर उद्या हल्लेखोराच्या ताब्यात गेला तरी त्याला वाटेल तिथे लिहिता येत नाही.

इथली नेहमीची ठेच अशी. कोणीतरी संकेतस्थळाचे फोल्डर आपल्या होममध्ये तयार करतो आणि ‘एमव्ही’ वापरून वेबच्या जागी हलवतो. हलवताना फाइल आपले जुने लेबल बरोबर नेते. ‘सीपी’ने नक्कल केली असती तर नव्या जागेचे लेबल लागले असते. ‘एलएस -झेड’ने लेबल दिसते आणि ऑडिट लॉगमध्ये नकाराची नोंद सापडते. उपाय दोन आज्ञांचा आहे. ‘सेमॅनेज’ने अपलोडच्या फोल्डरसाठी वाचण्या-लिहिण्याच्या वेबलेबलाचा नियम कायम नोंदवायचा आणि ‘रिस्टोअरकॉन’ने तो लावायचा. ‘सीएचकॉन’नेही लेबल बदलते, पण नियम नोंदलेला नसल्याने पुढच्या फेरलेबलिंगमध्ये ते पुसले जाते. आणि ‘सेटएनफोर्स ०’ ही आज्ञा ७७७चीच सख्खी बहीण. रोग कळावा म्हणून क्षणभर वापरली तर चालेल, पण तशीच ठेवली तर सर्व्हरवरच्या प्रत्येक सेवेचे संरक्षण एका फोल्डरापायी गेले.

सेवा चालवणाऱ्या सिस्टिमडीनेही अलीकडे नकार द्यायला सुरुवात केली आहे. सेवेच्या मांडणीत ‘प्रोटेक्टसिस्टिम’ कडक ठेवलेले असेल तर त्या सेवेला बहुतेक सगळी डिस्क फक्त वाचण्यापुरती दिसते. लिहिण्याचे मार्ग वेगळे नोंदवावे लागतात. वर सांगितलेला क्रमांक ३० अशा वेळी भेटतो.

मराठी वाचकाला एक नकार विशेष परिचयाचा असायला हवा, आणि त्याच्याबद्दल फार कमी लिहिले गेले आहे. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ फाइल व्यवस्थेत नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे. यूटीएफ-८मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, सगळी चिन्हे वेगळी मोजली जातात. ‘महाराष्ट्र’ हा एकच शब्द दहा चिन्हांचा, म्हणजे तीस बाइट. एकूण नावाला ८५ चिन्हे पुरतात आणि परिपत्रकांची नावे त्यापलीकडे सहज जातात. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये मात्र २५५ची मोजणी बाइटची नसून चिन्हांची आहे, त्यामुळे कार्यालयातल्या संगणकावर सुखाने नांदणारी फाइल लिनक्स सर्व्हरवर चढत नाही. त्रुटी क्रमांक येतो ३६, नाव फार लांब. पडद्यावर मात्र तीच सरधोपट ‘अपलोड फेल्ड’ची ओळ.

दुसरा प्रकार अधिक छळणारा. काही प्रोग्रॅम सुरक्षेसाठी नावातून इंग्रजी अक्षरे, अंक आणि टिंब सोडून सगळे गाळतात. ‘उत्पन्नाचा दाखला.पीडीएफ’मधून मग उरते फक्त ‘.पीडीएफ’. लिनक्समध्ये टिंबाने सुरू होणारी फाइल साध्या यादीत दिसत नाही, म्हणून फाइल चढूनही गायब वाटते. आणि पुढच्या अर्जदाराचा दाखला त्याच नावाने येऊन आधीच्यावर बसतो. तिसरा प्रकार ‘ऱ्य’चा. ‘दुसऱ्या’ हा शब्द नुक्ता असलेल्या ‘ऱ’ने टंकता येतो, आणि ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह वापरूनही टंकता येतो. डोळ्याला दोन्ही सारखेच, यंत्राला दोन वेगळी नावे. चढवताना एक आणि शोधताना दुसरे वापरले गेले तर त्रुटी क्रमांक २ येतो, अशी फाइलच नाही. यातल्या कशाचाही परवानगीशी संबंध नाही, पण ७७७ सगळ्यांवर आजमावले जाते. या तिन्हींवर एकच उपाय आहे आणि तो सुरक्षिततेलाही पोषक आहे. मूळ मराठी नाव डेटाबेसमध्ये सन्मानाने जपायचे, आणि डिस्कवर सर्व्हरने स्वतः बनवलेले, अंदाज न करता येणारे, साध्या अक्षरांचे नाव द्यायचे.

मग अपलोडची जागा मांडावी कशी? कोडची मालकी वेब सर्व्हरच्या खात्याकडे नसावी. ती कोड बसवणाऱ्या खात्याकडे ठेवावी आणि वेब सर्व्हरच्या गटाला फक्त वाचू द्यावे. फोल्डरांना ७५०, फाइलना ६४०. लिहिण्यासाठी एकच फोल्डर वेगळे काढावे आणि शक्यतो ते संकेतस्थळाच्या उघड मुळाबाहेर असावे, म्हणजे त्यातल्या फाइलला थेट पत्ताच राहत नाही आणि ती प्रोग्रॅममार्फत, हवी तर परवानगी तपासून, देता येते. या फोल्डरला २७७० द्यावे. पुढचा २ लावला की आत तयार होणारी प्रत्येक फाइल फोल्डरच्याच गटात राहते आणि दोन खात्यांमधली नेहमीची तक्रार मिटते. आणखी एखाद्या खात्याला वेगळा अधिकार हवा असेल तर ‘सेटएफएसीएल’ने नेमका त्यालाच द्यावा. वर्डप्रेसचे अधिकृत मार्गदर्शनही फोल्डरना ७५५ आणि फाइलना ६४४ सुचवते आणि अपलोडच्या फोल्डरलासुद्धा ७७७ देऊ नये असे सांगते.

फोल्डर उघड मुळातच ठेवणे भाग असेल, तर तिथे पीएचपी चालणार नाही ही व्यवस्था सर्व्हरच्या मुख्य मांडणीत करावी आणि त्या फोल्डरमधली ‘.एचटीॲक्सेस’ मानली जाणार नाही हेही तिथेच लिहावे. नाहीतर हल्लेखोर स्वतःची ‘.एचटीॲक्सेस’ चढवून नियम फिरवतो. स्वीकारायचे प्रकार मोजून सांगावेत. नाकारायच्या प्रकारांची यादी कधीच पुरी होत नाही. ब्राउझरने सांगितलेला फाइलचा प्रकार हा पाठवणाऱ्याचा दावा असतो, त्यावर विसंबू नये. आतले पहिले काही बाइट तपासणे उपयोगी आहे, पण पुरेसे नाही: सुरुवातीला ‘जीआयएफ८९ए’ ही सहा अक्षरे टाकून त्यापुढे पीएचपीचा कोड जोडता येतो. चित्र सर्व्हरवर उघडून नव्याने साठवले तर असा बहुतेक मजकूर गळून पडतो. मात्र चित्रे उघडणारा प्रोग्रॅमही अद्ययावत लागतो; मे २०१६ मध्ये इमेजमॅजिकमधली ‘इमेजट्रॅजिक’ ही त्रुटी उघड झाली, तेव्हा चित्रावर प्रक्रिया करतानाच आज्ञा चालवता येत होत्या. एसव्हीजीच्या पोटात जावास्क्रिप्ट राहू शकते, म्हणून मोठ्या कंपन्या लोकांनी चढवलेला मजकूर मुख्य पत्त्यावरून देत नाहीत. गुगलने त्यासाठी ‘गुगलयूजरकंटेंट’ आणि गिटहबने ‘गिटहबयूजरकंटेंट’ हे वेगळे पत्ते ठेवले आहेत.

राहिला प्रश्न आधीच उघड्या राहिलेल्या फोल्डरचा. परवानग्या आवळल्या म्हणजे काम संपले असे मानणे धोक्याचे, कारण मधल्या काळात कोणी येऊन गेले असेल तर ते अजून आतच असू शकते. अपलोडच्या फोल्डरमध्ये पीएचपीचा मागमूस असलेल्या सगळ्या फाइल ‘फाइंड’ आणि ‘ग्रेप’ने शोधाव्यात. तारखा पाहताना मजकूर बदलल्याची वेळ हल्लेखोराला ‘टच’ने हवी तशी मागे नेता येते, नोंद बदलल्याची वेळ, जिला सीटाइम म्हणतात, इतक्या सहज खोटी करता येत नाही. कोडच्या फाइल मूळ प्रतीशी ताडाव्यात. लॉगमध्ये अपलोडच्या मार्गातली एखादी पीएचपी फाइल मागितली गेली आणि सर्व्हरने २०० असे उत्तर दिले, अशी ओळ सापडली तर ती गंभीर मानावी. शेल सापडलाच तर तो तसाच पुसू नये. आधी लॉगची आणि डिस्कची प्रत काढावी, डेटाबेसचे पासवर्ड आणि किल्ल्या बदलाव्यात, आणि संकेतस्थळ स्वच्छ प्रतीवरून नव्याने उभारावे. सर्ट-इन या भारताच्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार भारतातल्या संस्थांनी अशा घटनेची माहिती सहा तासांत द्यायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. मागचे लॉग नसले तर शेल केव्हा आला, त्याने काय नेले, कोणाची कागदपत्रे गेली, याचे उत्तर कोणालाच देता येत नाही. आणि ती कागदपत्रे लोकांची असतात: आधारची प्रत, जातीचा दाखला, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान.

शेवटची तपासणी सोपी आहे आणि ती परवानगी असलेल्या, आपल्याच संकेतस्थळावर करायची. दोन आकड्यांची बेरीज छापणारी एक निरुपद्रवी पीएचपी फाइल हाताने अपलोडच्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि ब्राउझरमध्ये तिचा पत्ता उघडावा. बेरीज दिसली तर सर्व्हर तिथला कोड चालवतो आहे. ४०३ आले किंवा कोड नुसता मजकूर म्हणून उतरला, तर तिथला कोड चालत नाही. हीच फाइल मोठ्या अक्षरांतल्या शेपटाने, ‘.पीएचटीएमएल’ आणि ‘.फार’ या शेपटांनी आणि ‘.पीएचपी.जेपीजी’ अशा दुहेरी शेपटानेही आजमावावी, आणि मग सगळ्या काढून टाकाव्यात. सर्व्हरची आवृत्ती बदलली किंवा संकेतस्थळ अपाचीवरून एंजिनएक्सवर हलवले की ही तपासणी पुन्हा करावी लागते; ‘.एचटीॲक्सेस’ ही फाइल एंजिनएक्स मुळात वाचतच नाही.